बंड्याचे उपास

२५ जानेवारी, शनिवार

आज एकादशी. आमच्या बंड्या कुत्र्याने सकाळची भाकरी नुसती हुंगली आणि गोठ्यामागे जाऊन बसला. दूध ठेवलं, त्यालाही तोंड लावलं नाही. पंधरा दिवसांपूर्वीच्या एकादशीलाही त्याने असंच केलं होतं. मी ते विसरून गेले होते, अण्णा विसरले नव्हते. माझे सासरे चाळीस वर्षं एकादशी करतात, गळ्यात तुळशीची माळ आहे, तिथी त्यांना कॅलेंडरशिवाय कळते. ओट्यावरून म्हणाले, "आज ह्याला बी उपास हाय." आम्ही सगळे हसलो.

संध्याकाळी वस्तीवरच्या देवळात हरिपाठ होता. बंड्या नेहमीप्रमाणे अण्णांच्या मागे जाऊन बसला. मध्येच उठला, पुढचे दोन्ही पाय फरशीवर लांब पसरले, छाती टेकवली, मागचा भाग तसाच वर ठेवला आणि हलेचना. टाळ थांबले. शेजारच्या मळ्यातले छगनराव, ज्यांना यंदा ग्रामपंचायतीला उभं राहायचंय, त्यांनी लगेच मोबाईल काढला. "दंडवत घालतंय की राव," कोणीतरी म्हणालं. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी बाजूला बायकांत बसले होते, मला त्याचं तोंड दिसत होतं. कान मागे दाबलेले, ओठ ताणलेले. मला एकदम भीती वाटली. कशाची, ते अजून सांगता येत नाही.

घरी आल्यावर त्याने पिवळा फेस ओकला. मी त्यावर राख टाकली आणि कोणाला बोलले नाही. कारण असं की, बाजरीचं पीठ जुनं होऊन कडू झालं होतं. फेकवेना, म्हणून या महिन्यात बंड्याच्या भाकऱ्या मी त्याच पिठाच्या केल्या. आमच्या ताटात ते पीठ घातलं नाही, त्याच्या पोटात घातलं. हे फक्त इथे लिहिते आहे.

२९ जानेवारी, बुधवार

बंड्या दोन दिवसांत ठीक झाला. उरलेलं पीठ खड्ड्यात पुरलं. छगनरावांचा व्हिडिओ मात्र श्रीगोंद्यापासून दौंडपर्यंत फिरतोय. नगरच्या सावेडीहून आईचा फोन आला, "अगं, तो तुमच्या वस्तीवरचा कुत्रा का?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "नशीबवान आहात." दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन इथे आले तेव्हा हाच बंड्या माझी चप्पल पळवून उसात नेऊन ठेवायचा. आता काष्टीच्या बाजारात त्याला बंडूमहाराज म्हणतात.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या एकादशी, म्हणून आज डाळ जास्तीची शिजवून खाऊन घ्यायची होती, तर मोठा कुकर जागेवर नाही. हे म्हणाले, "विहिरीवर, मोटारीच्या खोलीवर नेलाय, मजुरांना भात लावायला." मजूर तर सोमवारीच गेले. मी विचारलं नाही.

ह्यांचं मला काही कळेनासं झालंय. अंधार पडताना शेतावरून आले, भूक नाही म्हणाले. तोंडात बडीशेप. आल्या आल्या पुन्हा अंघोळ. टॉवेल द्यायच्या निमित्ताने अगदी जवळ जाऊन वास घेतला. दारूचा वास नव्हता. मी देवासमोर हात जोडले. अण्णांची बायपास झाली तेव्हा "माज्यामागं माळ चालली पायजे" असं अण्णा म्हणाले आणि ह्यांनी माळ घातली. तीन वर्षं झाली. दारू निघाली असती तर अण्णांनी तो धक्का सोसला नसता.

बंड्याही ह्यांच्या मागोमाग आला, पंजे चाटत पडून राहिला. नव्या पिठाची भाकरी केली होती मुद्दाम, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

मला वाटलं होतं पीठ बदललं, आता खाईल. नाही खाल्लं. अण्णांनी चतकोर भाकरी त्याच्यासमोर ठेवली आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "बगा. शिवत न्हाई." लोकांनी हात जोडले. साठ-सत्तर तरी माणसं होती. मग तो तसाच वाकला. चार वेळा.

प्रत्येक वेळी लोक पुढे सरकत होते. एका बाईने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. त्याला मागे सरायचं होतं, पण मागे भिंत होती.

संध्याकाळपासून प्रसाद सुरू झाला. उपास सुटायची वाट न बघता लोक तुपाचा शिरा त्याच्यासमोर ठेवून गेले. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पेढ्यांचे सात पुडे मोजून कपाटात ठेवले. कुकर शेतावरून परत आला. तो आत्याबाई स्वतः घासतात, चिंच लावून, दोनदा, मला हात लावू देत नाहीत. माझ्या हातची भांडी त्यांना पसंत पडत नाहीत, काय करणार.

११ फेब्रुवारी, मंगळवार

त्याला जुलाब होताहेत. राखाडी, तेलकट, घाण वासाचे. पाठीचा कणा हाताला लागतो. रोज दहा-बारा माणसं येतात आणि प्रत्येकजण काहीतरी भरवून जातो. भुकेने तो खातोही, मग गोठ्यामागे जाऊन ओकतो. ते लोकांना दिसत नाही.

गोठ्यात उभं राहून डॉक्टर पूजाला फोन केला. सावेडीत आमच्या आईच्या गल्लीतच तिचा जनावरांचा दवाखाना आहे, शाळेत माझ्या मागे दोन वर्षं होती. ती म्हणाली, "ताई, तूप, पेढे, तळलेलं सगळं बंद कर आजच्या आज. आणि त्याला घेऊन ये. फोनवर मला नीट सांगता येणार नाही, पण असं पुन्हा पुन्हा होतंय म्हणजे साधं अपचन नाही."



१३ फेब्रुवारी, गुरुवार

धीर करून अण्णांसमोर बोलले. अण्णा रागावले नाहीत, तेच जास्त वाईट. समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "पोरी, तू शिकलेली हायेस. पर समदंच काय डाक्टरला कळत न्हाई. मागल्या जन्माचा कुनी भक्त हाय त्यो. त्येला सुया टोचायच्या व्हय?"

आत्याबाईंनी मला आत ओढलं. "देवाच्या जनावराला आजारी म्हनू नगं. आन् दवाखान्यात तर अजिबात न्यायाचं न्हाई. तिथं पोटातलं काय काय काडत्यात, भलतंसलतं इचारत्यात." त्यांचा आवाज कापत होता. त्याही बंड्यासाठी घाबरल्या आहेत, हे बघून मला जरा बरं वाटलं.

ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "बघू." माझ्याकडे बघितलं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आता चोरी करते आहे. लोक पेढे ठेवतात, त्यांची पाठ वळली की उचलते आणि पलंगाखालच्या डब्यात टाकते. देवापुढचा प्रसाद चोरते, हेही पापच. पण त्याची बरगडी न् बरगडी मोजता येते. डबा भरला, आज मुंग्यांना पत्ता लागला. आत्याबाईंनी डबा बघितला तर मी काय सांगू?

२३ फेब्रुवारी, रविवार

उद्या एकादशी. कुकर पुन्हा जागेवर नाही. डाळ पातेल्यात शिजवली, दीड तास लागला. बंड्या दुपारपासून ह्यांच्याबरोबर शेतावर आहे, बरं झालं, तिथे तरी पेढेवाले नाहीत.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आईच्या घरून लिहिते आहे.

सकाळी नऊपासून गर्दी. छगनरावांनी माईक आणला होता. बंड्या उभाच राहू शकत नव्हता. वाकायचा, तसाच राहायचा, उठायला जायचा, पुन्हा वाकायचा. माईकवरून छगनराव मोजत होते. "ह्ये सातवं दंडवत. ह्ये आठवं." लोक टाळ्या वाजवत होते. बायका रडत होत्या. मीही रडत होते, त्यामुळे कोणाला काही वेगळं वाटलं नाही.

अकराव्याला तो उठलाच नाही. कुशीवर पडला. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या, पोट दगडासारखं. अण्णा म्हणाले, "समादी लागली." त्यांचा विश्वास बघून मला पहिल्यांदाच त्यांची भीती वाटली.

मी काय केलं ते मलाच खरं वाटत नाही. गर्दीतून आत गेले, पदर खोचला, त्याला उचललं. वीस किलोचं जनावर आहे, एरवी मला उचललं नसतं. अण्णांसमोर मी कधी मोठ्याने बोलले नाही, आज म्हणाले, "मी याला घेऊन चालले." वाटेत आत्याबाई आडव्या झाल्या. "गोरक्षा, आडव तिला." हे उठले, आणि मला वाटलं आता हिसकावून घेतात. पण त्यांनी पिकअपची चावी काढली. नगरपर्यंत सत्तर किलोमीटर त्यांनी गाडी पळवली. माझ्या मांडीवर बंड्या कण्हत होता. प्रत्येक गतिरोधकाला मी त्याच्या नाकाजवळ हात नेऊन बघत होते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

जिवंत आहे. सलाईन चालू आहे. पूजा म्हणते अजून दोन दिवस काही सांगता येणार नाही.

तिने मला व्हिडिओ दाखवायला सांगितला. अर्धं मिनिट बघितला आणि बंद केला. म्हणाली, "ताई, हा नमस्कार नाही. पोटात वरच्या बाजूला भयंकर कळ आली की कुत्री अशी वाकतात, पोटाला जरा मोकळं वाटतं म्हणून. याच्या स्वादुपिंडाला सूज आहे. एकदा नाही, पुन्हा पुन्हा आली आहे."

म्हणजे लोक टाळ्या वाजवत होते ते त्याच्या कळांना. मी बाहेर जाऊन पायरीवर बसले.

मग तिने एक्स-रे दिव्यावर लावला. जठरात पांढरे तुकडे. "ही हाडं आहेत. परवा काय खाल्लं याने?" मी सांगितलं, शेतावर होता, घरून भाकरी नेली होती. "मटण? चरबी? अशा जनावराला एकदम चरबी मिळाली की दुसऱ्या दिवशी हे होतं." मी म्हणाले, आमचं माळकरी घर आहे, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. ती ह्यांच्याकडे बघत राहिली. हे उठून गाडी धुवायला गेले.

२६ फेब्रुवारी, बुधवार

कोणी खायला घातलं असेल? दिवसभर तोच विचार. अण्णांचं नाव झालं म्हणून कोणाच्या डोळ्यांत सललं असेल. मुद्दाम हाडं टाकली असतील, घसा फाटून मरावा म्हणून. विषही घालतील मग. ह्यांना म्हणाले, मोटारीच्या खोलीला कुलूप लावा, तिथेच कोणीतरी येतं. हे म्हणाले, "व्हय." आज महाशिवरात्र, पण ह्यांनी उपासाचंसुद्धा काही खाल्लं नाही. पिंजऱ्यातल्या बंड्याची सलाईनची नळी बघत उभे होते. एवढा जीव आहे त्यांचा त्याच्यावर, मला माहीत नव्हतं.

२ मार्च, रविवार

काल बंड्याला घरी आणलं. पूजाने लिहून दिलंय: मऊ भात, मुगाचं पातळ वरण, फोडणी नाही, तेल-तूप अजिबात नाही, थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा. कातडी काढलेली कोंबडी नुसती उकडून द्या म्हणाली, मग माझं तोंड बघून, साय काढलेल्या दुधाचं पनीर द्या म्हणाली. एवढं करून वाचेल. पण असा झटका पुन्हा आला तर यावेळसारखं निभावणार नाही, हे तिने दोनदा सांगितलं.

आज दुपारी कुलूप नवं आणलं आणि मोटारीच्या खोलीवर मीच गेले. कोपऱ्यात चूल, मिठाची पुडी, मटण मसाल्याची फाटलेली पाकिटं. मी पाकिटं घेऊन ह्यांच्यासमोर उभी राहिले, हे बघा, कोण येतं ते शोधा म्हणून.

हे खाली बसले. "कुनी येत न्हाई. मीच."

मग सगळं सांगितलं. माळ अण्णांसाठी घातली, पण जीव राहत नाही. एकादशीला टाळ धरून बसायचं असतं, म्हणून आदल्या दिवशी खाऊन घेतात. हाडं, चरबी, रस्सा, उरलेलं सगळं बंड्याला, म्हणजे खूण राहत नाही. "मला काय म्हाइत गं, त्येनं दुसऱ्या दिवशी असं व्हतंय. मी तर टाळ वाजवीत हुतो."

मी पिठाला दोष देत होते. महिनाभर स्वतःला खात होते. मला खूप राग यायला हवा होता. पण ह्यांच्या चेहऱ्याकडे बघून उलट धसकाच बसला. हे अण्णांना कोण सांगणार?

६ मार्च, गुरुवार

हे रोज म्हणतात, आज सांगतो. रोज अण्णा समोर आले की गायीचं दूध किती निघालं ते सांगतात.

बंड्या सुधारतोय. पूजा फोनवर ज्वारीची थोडी भाकरी द्यायला हरकत नाही म्हणाली, वरणात कुस्करून. आज माझी चप्पल पळवली, मी ती त्याच्याकडेच राहू दिली.

रस्त्यावर बोर्ड लागलाय. सोमवारी एकादशी, बंडूमहाराज दर्शन सोहळा. अण्णांचा फोटो, बंड्याचा फोटो, खाली हात जोडलेले छगनराव, सगळ्यांत मोठे.

९ मार्च, रविवार

मांडव उभा राहिला. आणि बंड्याला कडकडून भूक लागते आहे. सकाळपासून चार वेळा खाऊन झालं. उद्या पाचशे लोकांसमोर अण्णा भाकरी ठेवणार आणि हा ती खाणार. अण्णांचं हृदय एकदा उघडून शिवलेलं आहे.

चार वाजता हे स्वयंपाकघरात आले. हळू आवाजात म्हणाले, "एक वाटीभर तूप पाजलं तर? मटन न्हाई, नुस्तं तूप. उद्याचा एक दिस निभंल. मग कदीच न्हाई."

मी ह्यांना ओळखते की नाही, असं वाटलं. हे वाईट नाहीत. घाबरलेला माणूस काय काय करू शकतो, ते बघून मला माझीच भीती वाटली. कारण क्षणभर, अगदी क्षणभर, मीही विचार केला होता. वाटी कोणती घ्यायची इथपर्यंत.

बंड्याला आमच्या खोलीत घेतलं, कडी घातली आणि त्याच्याशेजारी बसून लिहिते आहे. आत्याबाई दोनदा दार वाजवून गेल्या. "त्येला मोकळा सोड गं, जरा शेतावर फिरून येऊंदे गोरक्षाबरूबर." मी उघडलं नाही. तो झोपलाय, झोपेत पाय हलवतोय. उद्या काहीही झालं तरी त्याला चांगली भूक लागलेली असेल. आत्ता मला तेवढंच करता येण्यासारखं आहे.

१० मार्च, सोमवार

जसं झालं तसं लिहिते.

नऊ वाजता अण्णांनी पांढरं धोतर नेसून बंड्याला मांडवात नेलं. माणसं रस्त्यापर्यंत होती. छगनरावांनी माईकवर चार उपासांची हकीकत सांगितली. मी खांबाला धरून उभी होते. अण्णांनी ताटली ठेवली. ज्वारीची भाकरी, माझ्याच हातची. "बगा," म्हणाले.

बंड्याने अण्णांकडे बघितलं, शेपूट हलवली आणि खायला लागला.

भाकरी चावल्याचा आवाज माईकमधून येत होता. मग मागून कोणीतरी हसलं. छगनराव धावले, ताटली ओढायला वाकले. "ह्या पोरीनं काल कोंडून ठिवलं हुतं. बाटवलं त्येला. म्या सांगतो, दवाखान्यात नेऊन—"

"तिला न्हाई बोलायचं," हे म्हणाले. गर्दीतून पुढे आले. मला वाटलं नव्हतं. माईक बाजूला सारला, पण एवढी शांतता होती की सगळ्यांना ऐकू गेलं. "अण्णा, दशमीला शेतावर मी मटन शिजवायचो. माळ गळ्यात ठिऊन. राहिलेलं ह्येला घालायचो. त्येनं ह्येचं पोट दुखायचं, म्हनून ह्यो खायचा न्हाई. उपास नव्हता त्यो."

अण्णा माझ्याकडे वळले. मी म्हणाले, "अण्णा, तो वाकायचा ना, ती कळ होती. आपण सगळे बघत होतो आणि त्याला कळा येत होत्या."

आत्याबाई मांडवाच्या कडेला तोंडाला पदर लावून खाली बसल्या. अण्णांचा हात छातीकडे गेला. मी पुढे धावले, हेही धावले. पण अण्णा पडले नाहीत. हळूच, गुडघ्यावर हात ठेवून, बंड्याशेजारी जमिनीवर बसले. लोक जायला लागले होते. छगनराव माईकची वायर गुंडाळत होते.

अण्णांनी बंड्याच्या पोटावरून हात फिरवला. अगदी हलका, कुठे दुखतंय ते चाचपल्यासारखा. बराच वेळ. मग ताटलीतली उरलेली भाकरी उचलली, एक तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

"अवो, एकादस हाय," आत्याबाई ओरडल्या.

"म्हाइत हाय," अण्णा म्हणाले. "ह्येनं माज्यापायी चार उपास काडलं, पोटात कळा घिऊन. म्या ह्येच्यापायी एक मोडतो."

चाळीस वर्षांत एकादशीला धान्य पोटात गेलेलं नाही. घास गिळवेना. ठसका लागला, चेहरा लाल झाला, मी घाबरून पाठ चोळायला गेले. हे घरातून पाण्याचा तांब्या घेऊन पळत आले आणि समोर धरून उभे राहिले. अण्णांनी तांब्याकडे बघितलं, तो धरणाऱ्या हाताकडे बघितलं. ठसका चालूच होता, पण हात पुढे केला नाही. मला वाटलं, आता घेणारच नाहीत.

मग घेतला. आधी बंड्याच्या ताटलीत ओतलं, आणि राहिलेलं स्वतः प्याले.